व्हिस्की 'पहिल्या धारेची' का नसते

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका बेटाचं नाव आहे आयला. इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण त्याला 'इस्ले' म्हणतो, पण तिथली माणसं स्वच्छ 'आयला' म्हणतात. केनाक्रेगच्या धक्क्यावर बोटीच्या तिकिटासाठी हे नाव मोठ्यांदा घ्यायची वेळ आली तेव्हा मला उगाचच इकडे-तिकडे बघावंसं वाटलं. जेमतेम तीन हजारांच्या वस्तीचं हे बेट आणि त्यावर व्हिस्कीच्या भट्ट्या दहा. मराठी माणसाच्या तोंडून ते नाव तसंही आपोआप निघालं असतं.

या दहांतली एक किलहोमन. बेटाच्या पश्चिम टोकाला, माकिर बे नावाच्या किनाऱ्याजवळच्या शेतावर ती २००५ साली सुरू झाली. अँथनी विल्स यांनी ती काढली, तेव्हा आयलावर नवी डिस्टिलरी उघडून १२४ वर्षं झाली होती. व्हिस्की कशी होते हे पहिल्यांदाच समजून घ्यायचं असेल तर मी अशीच छोटी जागा सुचवेन. इथे काही जव शेजारच्याच शेतात उगवतो, त्याला मोड इथेच येतात, भट्टी इथेच लागते, पिंपं इथेच मुरतात आणि बाटल्याही इथेच भरतात. हे सगळं एका आवारात होणं स्कॉटलंडमध्येही दुर्मीळ आहे.

'छोटी' किंवा 'क्राफ्ट' म्हणजे किती छोटी, याची कायद्यात व्याख्या नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो. याच बेटावरच्या कूल ईला डिस्टिलरीची क्षमता वर्षाला साठ लाख लिटर शुद्ध मद्यार्काच्या वर आहे. किलहोमनने २०१९ मध्ये आपली यंत्रणा दुप्पट केली, तरी ती कूल ईलाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच आहे.

आपल्याकडे आसवनी म्हटलं की साखर कारखान्याच्या मागची उंच टाकी आणि गावभर पसरलेला मळीचा वास आठवतो. तिथे मळी आंबवतात आणि ती उंच स्तंभातून अखंड चालवून जवळजवळ ९५ टक्क्यांचा स्पिरिट काढतात. त्याला स्वतःची अशी चव जवळपास राहत नाही. भारतात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा स्वस्त बाटल्यांत हाच मळीचा स्पिरिट मुख्य असतो. युरोपीय संघात त्याला व्हिस्की म्हणता येत नाही, कारण व्हिस्की धान्याचीच हवी असा तिथला नियम आहे. सिंगल माल्ट म्हणजे फक्त मोड आलेल्या जवाची, तांब्याच्या भांड्यात घाण्या-घाण्याने काढलेली आणि एकाच डिस्टिलरीत झालेली व्हिस्की. 'सिंगल' हा शब्द डिस्टिलरीला लागतो, पिंपाला नव्हे. एका बाटलीत शंभर पिंपांचा माल एकत्र असू शकतो.

सुरुवात मोडांपासून. 'माल्ट' या शब्दाला उगाच घाबरण्याचं कारण नाही. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, दळतो. ते माल्टच. दाण्यात पिष्ट असतं, म्हणजे कोंबासाठी साठवलेली शिदोरी. दाणा भिजला की त्याला वाटतं पेरणी झाली. तो आपल्यातली एन्झाइम्स जागी करतो आणि ती पिष्टाची साखर करायला सज्ज होतात. भट्टीवाल्याला हवी असते ही साखर, कारण आंबवण्याचं काम करणाऱ्या यीस्टला पिष्ट पचत नाही. पण कोंब वाढू दिला तर तो साखर स्वतःच खाऊन टाकेल, म्हणून ऐन वेळी दाणा वाळवून वाढ थांबवावी लागते. थोडक्यात, दाण्याला पेरणीचं आमिष दाखवायचं आणि मग फसवायचं.

बहुतेक डिस्टिलऱ्या हे काम मोठ्या माल्ट कारखान्यांकडून करून घेतात. किलहोमनमध्ये काही भाग अजून जमिनीवर होतो. लांबलचक खोलीत भिजलेला जव वीतभर थराने पसरलेला असतो. मोड येताना दाणे गरम होतात आणि मुळं एकमेकांत गुंततात, म्हणून दिवसरात्र ठरावीक वेळाने फावड्याने किंवा दाताळ्याने ते उलथावे लागतात. चार-पाच दिवस हेच चालतं. तिथे गेलात की एक दाणा उचलून दाताखाली धरा. कच्चा जव टणक लागतो आणि मोड आलेला पिठूळ होऊन चुरतो. आत काय बदललंय ते दाताला लगेच कळतं.

मग येतो धूर. या बेटावर झाडं कमी, पण दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर भरपूर. त्याला पीट म्हणतात. हे थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर चढतात, म्हणजे हातभर खोल खणलं की चार-पाचशे वर्षं मागे गेलात. विटांसारखे तुकडे कापून, वाळवून ते जाळतात. आपल्याकडच्या गोवऱ्यांशी त्याचं नातं आहे, पण वास वेगळा येतो. वाळणाऱ्या जवाखाली पीट जाळला की धुरातली फिनॉल्स दाण्यावर बसतात. आयलाच्या व्हिस्कीला जो टिंक्चर आयोडीनचा, दवाखान्याचा वास येतो, तो हाच. पहिल्या घोटाला अनेकांचं तोंड वाकडं होतं. माझंही झालं होतं.

धुराचं माप पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग, असं सांगतात. किलहोमन स्वतःच्या जमिनीवर करते तो माल्ट सुमारे २० पीपीएमचा आणि पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून येतो तो सुमारे ५० पीपीएमचा. इथे एक ठेच बहुतेकांना लागते. हा आकडा माल्टमधल्या फिनॉल्सचा आहे, ग्लासातल्या नव्हे. वाटेत त्यातला बराच भाग गळतो. किती गळतो ते भट्टीवर ठरतं. त्याकडे येतोच.

पुढचे दोन टप्पे झटकन होतात. माल्ट भरडून साधारण ६४ अंशांच्या गरम पाण्यात कालवतात. पाणी फार गरम झालं तर एन्झाइम्स मरतात, थंड राहिलं तर ती काम करत नाहीत. पिष्टाची साखर होते आणि गोड, पेजेसारखं पाणी खाली काढून घेतात. उरलेला चोथा गुरांना जातो, आपल्याकडे सरकी पेंड जाते तसा.

ते गोड पाणी गार करून त्यात यीस्ट घालतात. दुसऱ्या दिवशी टाकीचं झाकण उचलून आत डोकावलं तर फेस वर आलेला दिसतो, पण नाक फार आत नेऊ नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि तो नाकात झणझणीत जातो. दोन दिवसांत साखरेचा मद्यार्क होऊन जातो. मग किलहोमनसारख्या ठिकाणी ८० तासांहून जास्त वेळ का थांबतात? कारण साखर संपल्यावर जिवाणूंचं काम सुरू होतं आणि पेरूचे, पिकल्या केळ्याचे, अननसाचे वास तयार होतात. इडलीचं पीठ फुगलं की काम झालं असं समजणारे वेगळे आणि ते नीट आंबट व्हायची वाट बघणारे वेगळे. घाई असलेल्या मोठ्या कारखान्याला हे जास्तीचे तास परवडतीलच असं नाही. शेवटी हातात येते साधारण आठ टक्क्यांची, हॉप्स नसलेली, आंबटसर बिअर.

आता भट्टी. खरं तर एवढ्यासाठीच तिथे जायचं.

तांब्याच्या मोठ्या भांड्यांची जोडी, खाली गोल पोट आणि वर हंसासारखी मान. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि पाणी १००ला, म्हणून तापवल्यावर वाफेत मद्यार्काचं प्रमाण जास्त येतं. ती वाफ गार केली की झालं. गोव्यात फेणीची भाटी पाहिलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. तिथेही काजूच्या बोंडूंचा आंबलेला रस भाणात उकळतात. पहिल्या फेरीत निघतो तो उर्राक. तो पुन्हा नव्या रसाबरोबर भट्टीला लावला की फेणी. व्हिस्कीचंही तसंच. पहिल्या भांड्यातून निघतो साधारण २०-२५ टक्क्यांचा कमजोर माल, आणि तो दुसऱ्या भांड्यातून गेला की खरी दारू. तांबंही उगाच नसतं. आंबलेल्या मालातली गंधकाची, सडक्या कोबीसारख्या वासाची द्रव्यं वाफेतून जाताना तांब्याला चिकटतात आणि वाफ स्वच्छ होते. त्यापायी तांबं झिजतं आणि काही वर्षांनी पत्रा बदलावा लागतो. व्हिस्कीच्या किमतीत ते तांबंही धरलेलं असतं म्हणायचं.

मराठीत अस्सल मालाला 'पहिल्या धारेची' म्हणतात. माणसाच्या खोडीलाही म्हणतात. व्हिस्कीच्या दुसऱ्या भट्टीवर मात्र पहिली धार बाजूला काढतात. सुरुवातीला उडून येतात ती हलकी, नाकात जाणारी द्रव्यं, नेलपॉलिश काढायच्या द्रावासारख्या वासाची. शिवाय आधीच्या फेरीनंतर नळ्यांत राहिलेला तेलकट अंशही त्यांच्याबरोबर येतो. त्यानंतर मधली धार. स्वच्छ, गोडसर, फळाच्या वासाची. हीच पिंपात जाते. मग वास हळूहळू जड होत जातो. ओली घोंगडी, जुनं चामडं, शेवटी घाम. ती शेवटची धार. पहिली आणि शेवटची दोन्ही टाकून देत नाहीत, पुढच्या घाण्यात मिसळून पुन्हा उकळतात.

धार कधी धरायची आणि कधी सोडायची याला 'कट' म्हणतात. यंत्रसामग्री सारखी असूनही दोन शेजारच्या डिस्टिलऱ्यांची चव वेगळी निघते, त्याचं मोठं कारण हा कट. धुराची द्रव्यं जड असल्यामुळे ती उशिरा येतात. भट्टीवाला लवकर थांबला तर ५० पीपीएमच्या माल्टमधूनही नाजूक व्हिस्की निघेल, आणि जरा उशिरापर्यंत धरत राहिला तर धूर भरभरून येईल, पण मागोमाग घोंगडीही येईल. म्हणून पीपीएमच्या आकड्यावर वाद घालणाऱ्यांनी आधी कट विचारावा. मोठ्या कारखान्यात तो बहुधा संगणकाला सांगून ठेवलेला असतो. छोट्या जागी अजून एक माणूस काचेसमोर उभा असतो. पहिली धार संपली का, हे बघायला तो त्यात पाणी मिसळतो. पांढुरकं झालं तर अजून तेल आहे, नितळ राहिलं तर आता धरा. बाकी तापमान, तीव्रतामापक आणि सवय.

हा माणूस मालाला हात मात्र लावू शकत नाही. धार ज्या काच लावलेल्या पितळी पेटीतून वाहते, तिला कुलूप असतं. एकोणिसाव्या शतकात ही पेटी आली ती करचुकवेगिरी थांबवायला, आणि किल्ली राहायची अबकारी अधिकाऱ्याकडे. हात न लावता, बाहेरच्या दांड्या फिरवून धार या भांड्यातून त्या भांड्यात वळवायची. सरकारचा दारूवरचा विश्वास सगळीकडे सारखाच.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. पहिल्या धारेत विष असतं ना? मुंबईच्या मालवणीत २०१५ मध्ये दारू पिऊन शंभरावर माणसं गेली ती कशाने? ती मिथेनॉलने गेली. पण ते मिथेनॉल चुकीच्या धारेतून आलेलं नव्हतं. औद्योगिक वापराचं मिथेनॉल दारू म्हणून विकलं गेलं होतं. जव आंबवल्यावर मिथेनॉल अगदी किंचित तयार होतं, कारण ते मुख्यतः फळांच्या सालीतल्या पेक्टिनपासून बनतं. व्हिस्कीवाला पहिली धार सोडतो ती चवीसाठी. हातभट्टीचे बळी कच्च्या कारागिरीपेक्षा भेसळीच्या धंद्याचे जास्त असतात. या दोन गोष्टींची गल्लत केली की खरा गुन्हेगार सुटतो.

भट्टीतून उतरलेला माल पाण्यासारखा रंगहीन असतो. कायद्याने तो अजून व्हिस्की नाही. ७०० लिटरांपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षं काढल्यावर त्याला स्कॉच म्हणता येतं, आणि बाटलीत तो किमान ४० टक्के असावा लागतो. पिंपं बहुतेक जुनी असतात. अमेरिकेत बोरबन व्हिस्कीला नवंकोरं, आतून जाळलेलं पिंप लागतं, म्हणून तिथली एकदा वापरलेली साधारण २०० लिटरांची पिंपं स्कॉटलंडला येतात. व्हॅनिला आणि नारळाचा वास बरेचदा त्यांचा असतो. स्पेनच्या शेरी वाइनची पिंपं मनुका-खजूर देतात. रंगही लाकडाचाच. मात्र कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याची परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हा हिशेब विसरा.

गोदामात अंधार, मातीची जमीन, गारवा आणि एक गोड ओला वास. तो वास म्हणजे हवेत चाललेला माल. लाकूड श्वास घेतं आणि स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातात. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. तिथल्या उकाड्यात हा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास जातो. हिशेब मांडून बघा. २०० लिटरांच्या पिंपात दहा वर्षांनी आयलाला साधारण १६३ लिटर उरतील, कुंकळ्ळीत ८७. गोव्यातले देवदूत जरा जास्तच घेतात. पण उकाड्याने लाकूड आणि दारूची देवघेवही वेगाने होते, म्हणून तिथला माल स्कॉचच्या मानाने फार लवकर तयार होतो. त्यामुळे बाटलीवरच्या वर्षांची तुलना दोन देशांत करण्यात अर्थ नाही. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या लोणच्याला एकच मुदत लावण्यासारखं आहे ते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, तेव्हा हे तिथल्या लोकांना पटवणं हेच मोठं काम होतं.

छोट्या डिस्टिलरीची खरी अडचण याच गोदामात असते. जव, इंधन, पगार, पिंपं या सगळ्याला आज पैसे मोजायचे आणि विकायचं किमान तीन वर्षांनी. किलहोमनचं पहिलं पिंप डिसेंबर २००५ मध्ये भरलं, आणि पहिली व्हिस्की बाजारात आली सप्टेंबर २००९ मध्ये. मधल्या काळात, २००६ च्या सुरुवातीला, माल्ट वाळवायच्या भट्टीला आगही लागली. असा काळ काढायला बऱ्याच नव्या डिस्टिलऱ्या जिन विकतात, कारण जिन मुरवावी लागत नाही. पाहुण्यांकडून तिकीट घेतात, हौशी लोकांना अख्खं पिंप विकतात. पिंप विकत घ्यायचा मोह झाला तर ते थेट डिस्टिलरीकडून घ्या आणि कुठल्या गोदामात, कोणत्या क्रमांकाचं, कोणाच्या नावावर हे कागदावर बघा. फोनवरून 'गुंतवणूक' म्हणून पिंपं विकणाऱ्यांत लबाडीही बरीच आहे.

शेवटी चव. ग्लास आधी थोडा दूर धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे मद्यार्काचा झणका लागत नाही. मग थेंबभर पाणी घालून पुन्हा. पाण्याने व्हिस्की बिघडते ही आपल्याकडच्या फुशारकीतली समजूत. तिथले भट्टीवालेही वास घेताना पाणी घालतात. बर्फाने मात्र वास मिटतो. गाडी चालवायची असेल तर ग्लासाला हात लावू नका. २०१४ पासून स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम, आणि दोन-तीन चवींतही ती ओलांडू शकते. बऱ्याच ठिकाणी चालकाचा वाटा छोट्या बाटलीत भरून देतात, फक्त मागावा लागतो. भारतात परतताना माणशी दोन लिटर शुल्काशिवाय आणता येतात. महाराष्ट्रात ती उघडायला परवाना लागतो हे ज्याचं त्याने बघावं.

आयला लांब वाटत असेल तर मडगावहून काणकोणच्या वाटेवर कुंकळ्ळी आहे. ती किलहोमनपेक्षा मोठी आणि चकचकीत, पण तांब्याची भांडी आणि पिंपं तिथेही बघायला मिळतात. मार्च ते मे या दिवसांत गेलात तर आसपासच्या एखाद्या भाटीवरही डोकावा. तिथे काचेची पेटी नसते, कुलूप नसतं. आयलात मिळालेली चालकाच्या वाट्याची ती छोटी बाटली मी रात्री खोलीवर उघडण्याआधी हलवून बघितली. वर बुडबुड्यांची माळ उठली आणि बराच वेळ टिकली. माल कडक असला की बुडबुडे मोठे येतात आणि रेंगाळतात. स्कॉटलंडचे जुने भट्टीवाले यावरूनच अंदाज घ्यायचे. गोव्यात तर या फेसावरूनच, फेणावरून, फेणीला नाव पडलंय.